अनुभव आहे, दाखला नाही

कोल्हापूरच्या राजारामपुरीत माझी मानसोपचाराची ओपीडी बरी चालली होती, तरी शिकवायचं काही डोक्यातून जात नव्हतं. एमबीबीएसच्या तिसऱ्या वर्षात मानसोपचाराला जेमतेम ४० तास. वेगळा पेपर नाही, मेडिसिनच्या पेपरातच प्रश्न येतात, त्यामुळे पोरं हा विषय ऑप्शनला टाकतात. आणि ‘जगावंसं वाटत नाही’ म्हणणारा पेशंट पुढं आधी त्यांच्याच समोर येऊन बसणार असतो. कोल्हापुरातल्याच एका मेडिकल कॉलेजात असिस्टंट प्रोफेसरची जागा निघाली, अर्ज टाकला, मुलाखत झाली, निवड झाली. त्यात सांगण्यासारखं काही नाही.

सांगण्यासारखं आहे ते सीनियर रेसिडेन्सीच्या दाखल्याचं.

असिस्टंट प्रोफेसर व्हायला, एमडी झाल्यावर एक वर्ष मेडिकल कॉलेजात सीनियर रेसिडेंट म्हणून काम केल्याचा पुरावा लागतो. माझं ते वर्ष दुसऱ्या जिल्ह्यातल्या एका खासगी कॉलेजात झालं. तिथून हातात पडलेल्या दाखल्यावर ‘कधीपासून’ची तारीख होती, ‘कधीपर्यंत’च्या जागी नुसतं ‘टिल डेट’. छाननीतल्या बाईंनी त्यावर पेन्सिलीनं गोल केला आणि कागद परत सरकवला. त्यांचं बरोबरच होतं. त्यावरून वर्ष भरलं की अकराच महिने झाले, हे कळणार कसं?

जुन्या कॉलेजात फोन केला. “मॅडम, नो ड्यूज आणा, मग बघूया की.” म्हणजे कुठल्याच विभागाचं काही देणं बाकी नाही, याच्या सह्या. नोकरी सोडून इतका काळ लोटला, आता कसलं नो ड्यूज? पण फॉर्म भरल्याशिवाय फाइल हलणार नाही म्हणाले. म्हणजे ओपीडी बंद ठेवायची, पेशंटना पुढची तारीख द्यायची आणि सकाळची एसटी धरायची.

फॉर्म झेरॉक्सची झेरॉक्स, अक्षरं तिरकी. लायब्ररी, हॉस्टेल, मेस, स्टोअर, अकाउंट्स, रेकॉर्ड रूम आणि शेवटी ऑपरेशन थिएटर. ओटीतल्या सिस्टर हसल्या, “मानसोपचारवाल्यांनी आमचं काय नेलंय हो?” आणि सही ठोकली. (ईसीटीला, म्हणजे विजेच्या झटक्यांच्या उपचाराला, आम्हीही ओटीत जातो, पण सही मिळत असताना कशाला वाद घाला.) लायब्ररीचे क्लार्क रजेवर, कपाटाची किल्ली त्यांच्याकडं. पुढच्या खेपेला ते होते, तर डीन साहेब नाहीत. “साहेब इन्स्पेक्शनला गेल्यात.” कुठं, कधी येणार, कुणालाच ठाऊक नाही. तयार दाखला सहीसाठी टेबलावर पडलेला मला दिसत होता, वर पेपरवेट. दिवसभर माणसांचं शांतपणे ऐकून घेणं हा माझा धंदा; त्या बाकड्यावर बसून मात्र माझा आवाज चढला. त्यानं काही झालं नाही. झालं ते माझ्या जुन्या एचओडी, म्हणजे विभागप्रमुख सरांनी फोन केल्यावर. सर निवृत्त झालेत, पण त्यांचा शब्द अजून चालतो. असे सर ज्यांना नाहीत, त्यांनी काय करायचं?

तेव्हा सीनियर रेसिडेन्सी सोडाल त्याच दिवशी रिलीव्हिंग ऑर्डर (कामातून मोकळं केल्याचा आदेश) आणि दोन्ही तारखांचा दाखला हातात घेतल्याशिवाय गेटबाहेर पडू नका. ‘नंतर पाठवतो’ म्हणतील. पाठवत नाहीत. त्या वर्षाचा फॉर्म १६ सुद्धा काढून ठेवा, पगाराचा पुरावा म्हणून मागतात.

हो, एमडीची नोंद महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडं जादा पात्रता म्हणून झालीय का, तेही बघून ठेवा. माझी होती, म्हणून तिथं सुटले.

सरकारी रुग्णालयात असलेल्या माझ्या बॅचमेटचं गणित वेगळं. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या २०२५ च्या नियमांनुसार किमान २२० खाटांच्या सरकारी रुग्णालयात दोन वर्षं काढलेल्या एमडीला सीनियर रेसिडेन्सीशिवाय असिस्टंट प्रोफेसर होता येतं. फक्त बीसीबीआर दोन वर्षांत करावं लागतं. चेन्नईच्या संस्थेचा हा संशोधनाचा ऑनलाइन कोर्स फुकट आहे, परीक्षेची फी तेवढी भरायची. तो लवकर उरकलेला बरा. पुढं असोसिएट प्रोफेसर व्हायला असिस्टंट म्हणून चार वर्षं, दोन शोधनिबंध आणि अध्यापन तंत्राचा बेसिक कोर्स लागतो. पेपर छापून यायला वेळ लागतो, हे आत्ताच लक्षात घ्या.

आणि दाखल्याच्या मूळ प्रती जास्तीच्या मागा. मी तीन मागितल्या. क्लार्कनी तोंड वाकडं केलं, पण तिन्हींवर शिक्का मारून दिला.