राऊटर म्हणतो, वायरच नाही!

परभणीत काल रात्री विजा लई कडाडल्या अन् सकाळी नेट गायब. राऊटरचे बाकी दिवे चालू, फक्त वॅनचा, म्हणजे बाहेरून नेट येतं त्या भोकाचा, मेलेला. सेटिंगमध्ये लिहून येतंय, 'केबल जोडलेली नाही'. अरे बाबा, तुझ्याच बुडाला खोचलीय की!

हेल्पलाइनचं एकच पालुपद, "सर, बंद करून चालू करा." शेवटी शेजारचं पॉलिटेक्निकचं पोरगं आलं. त्यानं तीच केबल लॅपटॉपला लावली, नेट धो धो. म्हणजे केबल ठणठणीत. मग एक छोटी केबल घेऊन राऊटरच्याच लॅन पोर्टातून (घरातले कॉम्प्युटर जोडायचं भोक) वॅन पोर्टात जोडली. लॅनचा दिवा लागायला पाहिजे, वॅनचाही. दोन्ही ढिम्म. लॅनची भोकं बदलून पाहिली, तेच.

"काका, वॅन पोर्ट गेलं."

"अरे, पण हिनं रात्रीच प्लग काढला होता!"

"विजेचा झटका नेटच्या तांब्याच्या वायरीतूनही येतो. तीबी काढावी लागती."

आमच्या राऊटरात लॅनचं एक पोर्ट वॅन म्हणून वापरता येतं, सगळ्यांत ही सोय नसते. ते केलं, चालू झालं. पोरानं पैसे घेतले नाहीत, चहा मात्र दोनदा.

फायबरच्या काचेतून वीज येत नाही म्हणे. परभणीत कोणी थेट घरात फायबर घेतलंय का? खर्च किती आला, सांगा.