कोलेस्टेरॉलची गोळी आणि हॉटेलचं मेन्यूकार्ड

अ‍ॅटोरव्हास्टॅटिन सुरू झाली आणि पथ्य सांगणाऱ्यांची घरी रांग लागली. दही नको, आंबट नको, लिंबू तर नकोच, बाहेरचं खाणं बंद. शेवटी डॉक्टरांनाच विचारलं. ते म्हणाले, मिसळीवरची तर्री आणि पावभाजीवरचं बटर तुमच्या कोलेस्टेरॉलसाठी वाईट, पण गोळीच्या कामात ते लुडबुड करत नाहीत. लुडबुड करतं ग्रेपफ्रूट.

मला हसूच आलं. आमच्या मंडईत ग्रेपफ्रूट कोण विकतं? पण हॉटेलात गेल्यावर ते दिसायला लागलं: मॉकटेलमध्ये, ब्रंचच्या सॅलडमध्ये, कॉकटेलच्या पानावर तर हटकून. शिवाय त्याचा भाऊबंद पपनस. थाई हॉटेलातलं पोमेलो सॅलड म्हणजे पपनसच. पपनस आणि संत्र्याच्या संकरातून ग्रेपफ्रूट झालं, त्यामुळे नको ती द्रव्यं दोन्हींत.

भानगड आतड्यात होते. तिथलं एक एन्झाइम गोळीचा बराच भाग रक्तात पोचण्याआधीच मोडून टाकतं आणि डोस तो हिशेब धरूनच ठरवलेला असतो. ग्रेपफ्रूटमधली फ्युरानोकौमारिन्स ते एन्झाइम निकामी करतात. शरीराला ते नव्याने बनवावं लागतं, त्यात एक-दोन दिवस सहज जातात. म्हणून ‘ज्यूस सकाळी, गोळी रात्री’ ही पळवाट चालत नाही. औषध रक्तात जास्त उतरलं की स्नायू दुखण्याचा, क्वचित त्याहून गंभीर इजेचा धोका वाढतो. गंमत म्हणजे हे सापडलं चुकून. कॅनडात डेव्हिड बेली हे संशोधक रक्तदाबाच्या एका औषधावर दारूचा परिणाम तपासत होते. दारूची चव झाकायला घेतलेल्या ग्रेपफ्रूटच्या रसानेच औषधाची रक्तातली पातळी वाढवली.

घाबरून जायचं मात्र कारण नाही. अ‍ॅटोरव्हास्टॅटिनच्या माहितीपत्रकात इशारा आहे तो दिवसाला १.२ लिटरहून जास्त रसाचा. सॅलडमधल्या दोन फोडींनी आभाळ कोसळत नाही. सिम्व्हास्टॅटिन ही कोलेस्टेरॉलचीच दुसरी गोळी घेणाऱ्यांनी मात्र त्या वाटेला जाऊच नये. संत्रं, मोसंबी खुशाल खा, असं डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा जीव भांड्यात पडला.

वेटरला विचारायची माझी पद्धत ठरून गेली. ‘ह्यात काय आहे?’ म्हटलं की ‘मिक्स फ्रूट, सर’ एवढंच कळतं. म्हणून सरळ सांगतो, ‘औषध चालू आहे, ग्रेपफ्रूट किंवा पपनस आहे का, आत विचारून या.’ औषध म्हटल्यावर माणूस खरंच आत जाऊन येतो. उत्तर गुळमुळीत आलं तर ताक नाहीतर सोलकढी. (मालवणी हॉटेलात हा प्रश्नच उद्भवत नाही, हे मी घरच्यांना वारंवार ऐकवतो.)

पुढे एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, हवा तेवढा उतरला नाही म्हणून डॉक्टरांनी गोळी बदलून रोसुव्हास्टॅटिन दिली. तिला ग्रेपफ्रूटचं विशेष वावडं नाही, पण अ‍ॅसिडिटीच्या जेलचं आहे. अ‍ॅल्युमिनियम-मॅग्नेशियमचं जेल सोबत घेतलं तर गोळी निम्मीच अंगी लागते. जेल गोळीनंतर दोन तासांनी घ्यायचं. बाहेर जेवून आल्यावर जेल लागणार, हे आमच्याकडे ठरलेलंच. डॉक्टरांना विचारून मी रात्रीची गोळी सकाळी नेली.