तुम्ही विचारलंत म्हणून : पणजीत रुळायचं कसं?

सोलापूरला माहेरी गेले की, किंवा बदली होऊन पणजीत आलेलं एखादं मराठी कुटुंब भेटलं की, एक प्रश्न ठरलेला असतो : "तुम्ही इथे रुळलात कशा?" विचारणाऱ्याच्या डोळ्यांपुढे बहुतेक वेळा समुद्रकिनारा असतो. रुळण्याशी किनाऱ्याचा फारसा संबंध नाही. मी पणजीतल्या मळा या भागात राहते, आणि किनाऱ्यावर जाणं होतं ते पाहुणे आले की.

माझं उत्तर एकच असतं. गावाच्या वेळा आधी अंगवळणी पाडा. शेजार, भाषा, बाजार हे सगळं त्यामागून येतं.

सकाळ पदेरापासून, म्हणजे पाववाल्यापासून सुरू होते. सायकलच्या मागे मोठी टोपली, त्यावर प्लास्टिकचं आच्छादन, आणि रबरी भोंग्याचं पों-पों. उंडो, पोई, कातऱ्याचा पाव, कडक काकणं. भाकरीच्या घरातून आलेल्या मला पोई लगेच आवडली. कोंड्याची, आतून पोकळ, कालच्या आमटीबरोबर तर फारच छान. पदेर यायच्या वेळी दारादारांत बायका उभ्या असतात. आपणही उभं राहायचं. पाव घरपोच मागवता येतो, तरी मी दारातच जाते. गल्लीतल्या माझ्या बहुतेक ओळखी त्या दोन-पाच मिनिटांत झाल्या आहेत.

मग दुपार. एक वाजला की बाजारातली शटरं खाली येतात, ती साडेतीन-चारला उघडतात. बाहेरून आलेले लोक याला आळस म्हणतात तेव्हा मला खरंच वाईट वाटतं. तो दुकानदार सकाळी दुकान उघडतो आणि रात्री आठच्या सुमारास बंद करतो. मधल्या वेळेत घरी जाऊन हुमण-भात, म्हणजे माशाची आमटी आणि भात जेवतो, मुलांना भेटतो, थोडा आडवा होतो. इथल्या मे महिन्याचा दमट उकाडा ज्यांनी सोसलाय त्यांना यातलं शहाणपण सांगावं लागत नाही. तेव्हा दुपारी कुणाची बेल वाजवू नका, अगदीच नड असल्याशिवाय फोनही करू नका. एवढं पाळलंत तरी शेजारी तुम्हाला मनात जागा देतात, हा माझा अनुभव आहे.

घरभाड्याचा करार, पोलीस ठाण्यात भाडेकरूच्या पडताळणीचा अर्ज, गॅसची जोडणी यांबद्दल वेगळं सांगण्यासारखं काही नाही. जरा चकरा होतात आणि कामं होतात. बसचं मात्र लक्षात ठेवा. म्हापशाला, मडगावला जायला दिवसभर भरपूर बस असतात, रात्री आठनंतर त्या झपाट्याने कमी होतात. जवळच्या अंतराला पायलट आहेत, म्हणजे काळ्या-पिवळ्या मोटरसायकलवरून नेणारे. आणि मांडवी नदीपलीकडे बेतीला जायचं असेल तर फेरीबोटीने जा. पायी जाणाऱ्याला तिकीट नाही.

दिवसासारख्या वर्षाच्याही वेळा असतात. 1 जून ते 31 जुलै यांत्रिक होड्यांना मासेमारीची बंदी असते, त्यात धो-धो पाऊस. म्हणून मे महिन्यात घराघरांत पुरुमेंत भरतात : सुकं मासळं, आमसुलं, चिंच, मिरच्या, कडधान्यं. मडगावला होली स्पिरिट चर्चच्या फेस्ताला, म्हणजे सणाला, लोक पुरुमेंताचं फेस्तच म्हणतात. सोलापूरच्या गच्चीवर आई वाळवणं घालायची, तसंच हे वाटलं मला. पहिल्या उन्हाळ्यात शेजारच्या वहिनी मला बाजारात घेऊन गेल्या आणि कुठली सुकी सुंगटं, म्हणजे कोळंबी, चांगली ते हातात घेऊन दाखवलं. त्या दिवसापासून मी त्यांच्याकडे काहीही विचारायला जाऊ लागले.

भाषेबद्दल सगळेच विचारतात. 1987 च्या राजभाषा कायद्यानुसार कोकणी ही राजभाषा आहे आणि सरकारी कामात मराठीलाही स्थान आहे. मराठीवर तुमचं काही अडणार नाही. तरीही कोकणी कान देऊन ऐका आणि जमेल तशी बोला. समोरचा आपल्यासाठी मराठीत बोलतो, तेव्हा तो आपली सोय बघत असतो. आपणही दोन पावलं पुढे जायला हवं, असं मला मनापासून वाटतं. आणि एक गोष्ट मी इथे येऊन पाहिली. घरात, अंगणात कोकणी बोलणारी माणसं देवळात भजनाला बसली की मराठी अभंग म्हणतात, आणि जत्रेच्या रात्री गावातलीच मुलं मराठी नाटक उभं करतात. तालमी महिनाभर आधीपासून चालतात, आणि दिवसभर नोकरी करून माणसं त्यांना येतात. माझी भाषा इतक्या निगुतीने सांभाळणाऱ्या या लोकांपुढे मला नम्र व्हायला होतं.

चवथीला, म्हणजे गणेश चतुर्थीला, पणजी रिकामी होते, कारण हिंदू कुटुंबं आपापल्या मूळ घरी जातात. नव्या माणसाला हे दिवस फार जड जातात. बाजार बंद, गल्ली सुनी. आमच्या पहिल्या चवथीला वहिनींनी आम्हाला डिचोली तालुक्यातल्या त्यांच्या गावी नेलं. गणपतीच्या वर माटोळी बांधलेली. नारळ, सुपारीचे घोस, आंबाडे, चिबूड, रानातली कितीतरी फळं. त्यातली निम्मी मला ओळखता येईनात, तर घरातली लहान मुलगी एकेकाकडे बोट दाखवून सांगत होती. आरत्या माझ्या पाठच्याच, पण घुमट या मातीच्या वाद्याच्या ठेक्यावर. जेवायला खतखतं आणि पातोळ्या. असं आमंत्रण आलं तर "कशाला उगाच त्रास" म्हणून नाकारू नका. जा, आणि जाऊन स्वयंपाकघरात हात लावा.

आता कधी यावं, हाही प्रश्न असतोच. लोक डिसेंबरचा विचार करतात. शक्य असेल तर एप्रिलअखेरीस या. डिसेंबरात पाहुण्यांची गर्दी असते आणि भाडी चढलेली असतात. एप्रिलात आलात तर पुरुमेंत भरायला हातात वेळ राहील, पावसाळ्यात सगळी माणसं घरी भेटतील, आणि चवथ येईपर्यंत तुमची निदान एका घराशी तरी ओळख झालेली असेल.