साराजेव्होचं गाणं आणि सिन्नरच्या ओव्या

सेव्हदालिंका हे बोस्नियातल्या शहरांचं प्रेमगीत. ऑटोमन तुर्कांच्या काळात घडलेलं, आधी साझ या तंतुवाद्यावर आणि पुढे ॲकॉर्डियनवर रुजलेलं. खिडकीतली मुलगी, गल्लीतून जाणारा तो, आणि मध्ये अख्खी दुनिया. २०२४ मध्ये युनेस्कोनं त्याला वारशाच्या यादीत घेतलं, याचा मला मनापासून आनंद झाला.

नाशिकरोडहून रात्रपाळी करून परतताना मी हिम्झो पोलोविनानं गायलेल्या सेव्हदालिंका ऐकते. हा माणूस पेशानं मनोविकारांचा डॉक्टर. सूर असा लांबवतो, की समोरचं दुःख पूर्ण ऐकून घेतल्याशिवाय उठायचंच नाही. भाषेचा एक शब्द कळत नाही मला, तरी गळा दाटतो.

माझी आजी सिन्नरकडची. पहाटे जात्यावर बसली की तिच्या ओवीत माहेरची वाट यायची, आणि त्या वाटेवर मुराळी भाऊ. तो येईलच, हे ती ठासून गायची. वर्षानुवर्षं कुणी आलं नाही तरी ओळ बदलली नाही.

बल्गेरियाच्या बायकांचं गाणंही असंच. एकीनं एकच सूर धरून ठेवायचा, दुसरीनं त्याला अगदी खेटून गायचं. त्या घासण्यातच सगळी ओढ आहे, असं मला वाटतं. तिथल्याच वाल्या बाल्कान्स्का या गायिकेचं एक लोकगीत १९७७ मध्ये व्हॉयेजर यानासोबत अंतराळात गेलं.

आजीच्या थोड्या ओव्या मावशीला पाठ आहेत. दिवाळीत तिच्याकडे जाऊन त्या फोनवर रेकॉर्ड करणार आहे. तुमच्या घरी कुणाला येत असतील तर तुम्हीही करा, लवकर.