दोन पिझ्झे आणि लोकरीचे मोजे

दरवर्षी २२ मे आला की जगभरचे बिटकॉइनवाले, म्हणजे बँकेशिवाय इंटरनेटवर चालणाऱ्या या चलनाचे शौकीन, पिझ्झा मागवतात आणि खाता खाता एका माणसाला हसतात. लास्लो हान्येत्झ त्याचं नाव. अमेरिकेत फ्लोरिडातल्या जॅक्सनव्हिलला राहणारा प्रोग्रामर. २०१० च्या मे महिन्यात त्याने जाहीर केलं, की जो कुणी मला दोन मोठे पिझ्झे घरपोच देईल त्याला मी १०,००० बिटकॉइन देईन. वर कांदा, ढोबळी मिरची, मश्रूम, टोमॅटो असलं साधंसुधं काहीही चालेल, मासेबिसे तेवढे नकोत. तीन दिवस कुणी फिरकलंच नाही. शेवटी बिचाऱ्याने विचारलं, मी देतोय ते कमी पडतंय का?

मग कॅलिफोर्नियातला जेरेमी स्टर्डिव्हंट नावाचा एकोणीस वर्षांचा पोरगा पुढे आला. त्याने दुकानाला आपले डॉलर मोजले, पिझ्झे लास्लोच्या दारात पोचते केले आणि नाणी घेतली. तेव्हाच्या भावाने ती रक्कम साधारण ४१ डॉलर होती. डिसेंबर २०२४ मध्ये एका बिटकॉइनचा भाव एक लाख डॉलरच्या पुढे गेला, म्हणजे ते दोन पिझ्झे शंभर कोटी डॉलरला पडले. हसणारे हसतात ते यालाच. गंमत अशी की ज्याने पिझ्झे भाजले त्या दुकानाला यातलं एक नाणंही मिळालं नाही. त्यांना नेहमीसारखे डॉलर मिळाले, आणि आपण इतिहासात शिरलो याची त्यांना त्या रात्री गंधवार्ताही नसणार.

मला मात्र लास्लोची बाजू घ्यावीशी वाटते. त्याच्याकडे नाणी होती ढीगभर. सगळ्यांच्या व्यवहारांच्या नोंदी आपल्या कॉम्प्युटरवर लिहायच्या आणि मोबदल्यात नवी नाणी मिळवायची, याला नाणी काढणं म्हणतात. ग्राफिक्स कार्डावर ती पटापट कशी काढायची, याची युक्ती शोधणाऱ्या पहिल्या लोकांतला तो. खर्च काय, तर विजेचा. आणि त्या नाण्यांनी जगात तोवर खाण्यापिण्याची एकही वस्तू विकत घेतली गेली नव्हती. ज्याने काहीच विकत घेता येत नाही त्याला पैसे म्हणायचं तरी कशाच्या जोरावर? तो प्रश्न या माणसाने भूक लागली म्हणून सोडवला. पुढे त्या उन्हाळ्यात त्याने आणखीही पिझ्झे खाल्ले म्हणे. चांगलं केलं.

अगदी सुरुवातीला तर या नाण्याला भावच नव्हता. कुणी विचारलं की एक बिटकॉइन केवढ्याला, तर उत्तर नव्हतं. ऑक्टोबर २००९ मध्ये ‘न्यू लिबर्टी स्टँडर्ड’ असं टोपणनाव घेतलेल्या कुणीतरी एक शहाणपणाचा हिशेब मांडला. नाणी काढायला कॉम्प्युटर चालवून वीज किती जळते ते पाहिलं, विजेच्या बिलावरून भाव काढला, आणि जाहीर केलं: एका डॉलरला १,३०९ बिटकॉइन आणि वर चिल्लर. आपल्याकडे महावितरणचं बिल पाहून कुणी चलन काढलं असतं तर ते पहिल्याच महिन्यात महाग झालं असतं. याच सुमाराला फिनलंडच्या मार्टी माल्मीने ५,०५० नाणी विकून पाच डॉलर आणि दोन सेंट मिळवले. डॉलर देऊन बिटकॉइन घेतल्याचा हा अगदी पहिल्या व्यवहारांपैकी एक.

या पहिल्या मंडळींत मला सगळ्यात लोभस वाटतो तो हॅल फिनी. जानेवारी २००९ मध्ये बिटकॉइनचा जनक सातोशी नाकामोतोने, म्हणजे त्या नावामागे जो कोणी होता त्याने, पहिली दहा नाणी पाठवली ती याला. फिनीने लगेच कागदावर भविष्य मांडलं: समजा, हे सगळ्या जगाचं चलन झालं, तर जगातली सगळी संपत्ती भागिले एकूण नाणी, म्हणजे एकेक नाणं जवळपास एक कोटी डॉलरचं. हा हिशेब त्याने केला तेव्हा नाण्याला कवडीची किंमत नव्हती. आणि इतकं दूरचं दिसणाऱ्या या माणसाने काही दिवसांनी नाणी काढणं थांबवलं, का? तर कॉम्प्युटर तापत होता आणि पंख्याचा आवाज त्याला सहन होत नव्हता. चार वर्षांनी त्यानेच हे लिहून ठेवलं. तेव्हा एएलएस या आजाराने त्याचं शरीर जवळजवळ लुळं पडलं होतं आणि तो डोळ्यांच्या हालचालींनी कॉम्प्युटर चालवत होता. लिहिण्यात कुरकुर नाही. २०१४ मध्ये तो गेला. त्याच्या इच्छेनुसार ॲरिझोनामधल्या एका संस्थेत त्याचा देह अतिशीत करून ठेवला आहे, पुढेमागे विज्ञान जागं करील या आशेवर. भविष्यावर याहून मोठी पैज कुणी लावलेली माझ्या पाहण्यात नाही.

बाकीचे मात्र वर्तमानात मजेत होते. गॅव्हिन अँड्रेसन नावाच्या प्रोग्रामरने २०१० मध्ये स्वतःच्या खिशातून ५० डॉलर घालून दहा हजार नाणी घेतली आणि येईल त्याला पाच-पाच फुकट वाटली. लोकांकडे नाणी असल्याशिवाय ती खेळणार कशी, हा त्याचा सरळ विचार. मॅसॅच्युसेट्समधला एक शेतकरी २०११ मध्ये बिटकॉइन घेऊन अल्पाकाच्या लोकरीचे मोजे विकायला लागला. अल्पाका हा दक्षिण अमेरिकेतला, उंटाच्या कुळातला केसाळ प्राणी. पुढे बरीच वर्षं ‘या नाण्याने मिळतं काय?’ असं कुणी विचारलं की चेष्टेत उत्तर ठरलेलं: मोजे. त्याच वर्षी बर्लिनच्या क्रॉइत्सबेर्ग भागातल्या ‘रूम ७७’ या बारचा मालक यॉर्ग प्लाट्झर बिअर-बर्गरचे पैसे बिटकॉइनमध्ये घेऊ लागला, आणि त्याचं पाहून शेजारपाजारची दुकानंही. बिटकॉइनची नोंद पक्की व्हायला सरासरी दहा मिनिटं लागतात. तेवढ्यात बिअरचा फेस बसतो. पण अशा छोट्या बिलांसाठी नोंद पक्की व्हायची वाट बघत बसायचं नाही, गिऱ्हाइकावर विश्वास टाकायचा, अशी तेव्हाची रीत होती. कुणावरही विश्वास टाकायची गरज पडू नये म्हणून काढलेलं हे चलन. ते रुळलं ते मात्र असल्या विश्वासावर.

मे २०१३ मध्ये कश्मीर हिल नावाच्या अमेरिकी पत्रकार बाईंनी सॅन फ्रान्सिस्कोत आठवडाभर फक्त बिटकॉइनवर जगायचं ठरवलं आणि ते निभावलंही. अखेरीस त्यांनी बिटकॉइनवाल्यांना सुशीचं जेवण दिलं, त्याचं बिल दहा बिटकॉइनच्या आसपास आलं. मुंबईतही त्याच वर्षी वरळीतल्या एका पिझ्झावाल्याने बिटकॉइन घेणं सुरू केलं होतं. पुन्हा पिझ्झाच. या नाण्याची आणि मैद्याची काय नाळ जुळली आहे कोण जाणे.

मग भाव चढला, आणि सगळी मजा तिथेच आटपली.

आमच्या इमारतीत एक मुलगा आहे, नुकताच नोकरीला लागलेला. त्याच्या फोनमध्ये थोडं बिटकॉइन आहे हे कळल्यावर मी उत्साहाने विचारलं, “काय काय घेतलंस रे त्यातून?” त्याने माझ्याकडे कीव केल्यासारखं पाहिलं. “काका, ते खर्च नाही करायचं. होडल करायचं. नुसतं ठेवायचं.” मला एकदम लॉकरमधल्या पाटल्या आठवल्या. मोडायच्या नाहीत, घालायच्या नाहीत, अधूनमधून जाऊन बघून यायच्या. कुणी लग्नात मोडल्याच तर पुढे वीस वर्षं सोन्याचा भाव वाढला की घरात त्याची आठवण निघणार. लास्लोचं हेच झालं. फरक इतकाच, की त्याची आठवण काढायला सगळं जग बसलंय.

आणि ज्यांना खर्च करायची हौस उरली होती त्यांची वेगळीच पंचाईत झाली. बिटकॉइनच्या मुख्य यंत्रणेत सेकंदाला पाच-सात व्यवहारच मावतात. गर्दी वाढली की आपला व्यवहार पुढे सरकावा म्हणून लोक जास्त शुल्क देऊ लागतात. डिसेंबर २०१७ मध्ये व्हिडिओ गेम विकणाऱ्या ‘स्टीम’ने बिटकॉइन घेणं बंद केलं, कारण एका व्यवहाराचं शुल्क वीस डॉलरपर्यंत गेलं होतं. त्याच्या पुढच्याच महिन्यात मायामीतल्या एका मोठ्या बिटकॉइन परिषदेने ऐनवेळच्या तिकिटांसाठी बिटकॉइन नाकारलं. रखडतंय आणि महाग पडतंय, म्हणून. बिटकॉइनच्या परिषदेला.

लहान रकमांसाठी ‘लाइटनिंग’ नावाची वाट काढली गेली. दोघांनी आपसात हिशेब ठेवायचा आणि शेवटची बाकी तेवढी मुख्य नोंदीत चढवायची. फेब्रुवारी २०१८ मध्ये या वाटेने पुन्हा दोन पिझ्झे मागवणारा माणूस कोण असेल? लास्लोच. या खेपेला ०.००६४९ बिटकॉइन. मध्यस्थी लंडनच्या एका मित्राची, आणि भट्टीवाल्याला या वेळीही नेहमीचेच पैसे. माणूस बधला नाही, याचा मला फार आनंद झाला.

एल साल्वादोरने तर सप्टेंबर २०२१ मध्ये बिटकॉइन कायदेशीर चलनच केलं. सरकारी ॲप घेणाऱ्या प्रत्येकाला तीस डॉलरचं बिटकॉइन दिलं. बऱ्याच लोकांनी ते तीस डॉलर खर्चले आणि ॲप विसरून गेले. जानेवारी २०२५ मध्ये आंतरराष्ट्रीय नाणेनिधीच्या कर्जापायी कायदा सैल झाला. आता दुकानदाराची मर्जी असेल तर घ्यावं, नाही तर नाही.

आपल्याकडे २०२२ पासून क्रिप्टोच्या, म्हणजे बिटकॉइनसारख्या चलनांच्या, नफ्यावर ३० टक्के कर आहे, आणि क्रिप्टो देऊन वस्तू घेणं हेही कायद्याने ते विकल्यासारखंच. म्हणजे उद्या समजा कुणी बिटकॉइन देऊन वडापाव घेतला, तर ते नाणं केव्हा घेतलं होतं, केवढ्याला, आणि वडापाव खाताना त्यात किती नफा झाला, हे त्याने मार्चअखेर आपल्या सीएला सांगायचं. चटणी सुकी होती की ओली एवढंच विचारायचं राहील.

मात्र दादरच्या बाजारात कोथिंबिरीची जुडी घेताना मला कधीकधी बर्लिनच्या त्या बारची मंडळी आठवतात. चौकोनी चिन्हावर फोन धरायचा, टुंग वाजलं की पैसे पोचले, नोटा नकोत, सुट्ट्याची कटकट नको, दहा रुपयेही चालतील. अगदी हेच चित्र ते रंगवत होते. २०१६ मध्ये आलेल्या यूपीआयने ते जसंच्या तसं रस्त्यावर उतरवलं. फक्त ज्या बँकांना बाजूला सारायला ते निघाले होते, त्या बँका सगळ्या व्यवहारांच्या मधोमध बसलेल्या आहेत, आणि वर रिझर्व्ह बँक. भाजीवालीला त्याचं सोयरसुतक नाही. तिला टुंग ऐकू आलं की झालं.

म्हणून या नाण्याच्या भवितव्याबद्दल मला भावाची उत्सुकता कमी आणि दुसऱ्याच गोष्टीची जास्त आहे. नोंदी लिहिणाऱ्यांना आज मोबदला मिळतो तो मुख्यतः नव्या नाण्यांच्या रूपात. २००९ मध्ये दर दहा मिनिटांच्या नोंदीमागे ५० नाणी मिळत. दर चार वर्षांनी ती निम्मी होत होत एप्रिल २०२४ पासून ३.१२५ वर आली आहेत. एकूण नाणी दोन कोटी दहा लाखांच्या वर जाणार नाहीत आणि साधारण २१४० पर्यंत नवी येणं बंद होईल. त्यानंतर सगळा डोलारा चालायचा तो व्यवहारांच्या शुल्कावर. म्हणजे कुणीतरी व्यवहार केले पाहिजेत! सगळ्यांनीच नाणी दाबून ठेवली तर तिजोरीच्या राखणदाराचा पगार कुणी द्यायचा?

हे मी त्या मुलाला जिन्यात गाठून सविस्तर समजावलं. त्याने शांतपणे ऐकून घेतलं. “२१४० ला ना, काका?” तो म्हणाला, “मग बघू.” आणि फोन काढून आजचा भाव बघत खाली उतरला.