एनआयसीयूतली टूडी इको

आज नाशिकच्या एनआयसीयूत (नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात) पुन्हा तोच वाद: अपुऱ्या दिवसांच्या बाळाची टूडी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, कुणी करायची? पहिली बालहृदयरोगतज्ज्ञानेच. डक्ट म्हणजे महाधमनी आणि फुफ्फुसधमनी यांना जोडणारी, जन्माआधीची नळी; ज्यात बाळ या डक्टच्याच आधारावर जगतं असा हृदयाचा जन्मजात दोष नजरेतून सुटला आणि डक्ट बंद करायचं औषध गेलं, तर बाळ हातचं जातं. पुढच्या वारंवारच्या तपासण्या वॉर्डातल्या नवजात-तज्ज्ञाने कराव्यात, डक्ट १.५ मिमीच्या वर आहे का, हृदयाचा डावा वरचा कप्पा महाधमनीच्या दीडपट फुगलाय का. तरी दोघांची मापं जुळत नाहीत. कलर गेन (पडद्यावर रक्तप्रवाहाचा रंग ठळक करणारी सेटिंग) वाढवला की डक्ट उगाच रुंद दिसतो, माप घेणारा कर्सर अर्धा मिमी सरकला की १.५ चे २! आणि हो, छातीवर लावायचं जेल आधी कोमट करा. थंड लागलं की बाळ रडतं, फुफ्फुसातला दाब चढतो, मग ते आकडे कसले?