सर, अक्षर फाटतंय!

नाशिकच्या शालिमारकडच्या फ्लेक्सवाल्याला मी केलेल्या पिक्सेल फॉन्टमधली, म्हणजे चौकोनी ठिपक्यांच्या अक्षरांतली फाइल पाठवली की दहा मिनिटांत फोन ठरलेला: ‘सर, अक्षर फाटतंय.’ गिऱ्हाइकं विचारतात, परवा भाच्यानंही विचारलं, की असं दातेरी, चौकोनाचौकोनांचं अक्षर मुद्दाम कशाला करायचं? म्हणून एकदा सांगूनच टाकतो.

आधी फाटण्याचं. छोटा फोटो ताणून मोठा केला की कडा धुरकट होतात, ते फाटणं. माझ्या फॉन्टमधला एकेक चौकोन आखून घेतलेला आहे. वीस फुटी बोर्डावरही त्याची कड ब्लेडने कापल्यासारखी राहते. पायऱ्या दिसतात, कारण त्या दिसायलाच हव्यात.

हे वेड रविवार कारंजाजवळच्या एका अंधाऱ्या व्हिडिओ गेम पार्लरमधलं. तसल्या मशिनांवरची इंग्रजी अक्षरं बहुधा ८ बाय ८ चौकोनांत बसवलेली असत. त्यातही शेजारचं अक्षर चिकटू नये म्हणून कडेची एक रांग मोकळी. मला तसं ‘नाशिक’ लिहायचं होतं. आठात कुठलं बसतंय! शिरोरेघेलाच दोन गेले, वर वेलांटी, कुठे खाली उकार. उंची १८ वर गेली तेव्हा कुठे जमलं.

खरी मारामारी रुंदीची. ठळक हवं म्हणून दांडा २ चौकोनांचा, अरुंद हवं म्हणून पोटात जागा एकाच चौकोनाची. न, र, त निमूट ऐकतात. क ऐकत नाही. डावा गोल, मधला दांडा, उजवा कान असे मिळून आठ घेतोच. आणि तो पोटफोड्या ष! पोटात एकच रकाना, तर फोडायचं काय? तिरकी रेघ टाकली की पोट बुजतं आणि लांबून नुसता काळा ठोकळा. आठवडाभर भांडून शेवटी त्याला दोन रकाने जास्त दिले. ‘विशेष थाळी’ आता वाचता येते.

जाड दांड्याची युक्ती माझी नव्हे. डिझायनर सुझन केअर यांनी ॲपलच्या १९८४ च्या मॅकिंटॉश कॉम्प्युटरसाठी ‘शिकागो’ हा फॉन्ट केला, त्यातल्या उभ्या रेघा दोन ठिपक्यांच्या. मेन्यूतला बंद पर्याय फिका दाखवायला एकाआड एक ठिपका उडवला, तरी शब्द वाचता येई.

बारीक मजकुराला मात्र माझा हा फॉन्ट लावू नका. ओळखीतल्या एकांनी बारशाच्या पत्रिकेला लावला. त्यांच्या आजींनी ती पत्रिका लाइटबिलांच्या पिशवीत ठेवून दिली.

गेल्या दिवाळीत माझ्या फॉन्टमध्ये एका दुकानाचा बोर्ड लागला. दोन्ही बाजूंना जागा उरत होती म्हणून छापणाऱ्याने नाव आडवं ताणलेलं. चौकोनांच्या विटा झालेल्या. अक्षर अरुंद करण्यात माझे सात महिने गेले होते, ते माउसच्या एका ओढीत सपाट. मी काही बोलणार तेवढ्यात मालक म्हणाले, ‘आता कसं मोकळं वाटतंय! तुमचं जरा चेपलेलं होतं.’